अंगावरून वारं गेलं

आमच्या गावाकडे 'पक्षाघात' हा शब्द फक्त दवाखान्याच्या कागदावर असतो. बोलताना म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं.' इंग्रजांनी त्याला 'स्ट्रोक' म्हटलं, म्हणजे देवाच्या हातचा फटका. एकूण काय, वारं असो की फटका, बाहेरून काहीतरी आलं आणि माणसाला आडवं करून गेलं, अशीच सगळ्यांची समजूत. १६५८ साली स्वित्झर्लंडमधल्या योहान याकोब वेपफर नावाच्या डॉक्टराने अशा रोग्यांची शवविच्छेदनं करून लिहिलं, की दोष मेंदूच्या रक्तवाहिन्यांत असतो. कुठे वाहिनी फुटून रक्त सांडलेलं असतं, तर कुठे रक्ताची वाटच बंद झालेली असते. एवढं कळलं, पण पुढची तीनेकशे वर्षं रोग्याला त्याचा काही उपयोग झाला नाही.

डॉ. सॅम्युअल जॉन्सनचं बघा. (तोच, इंग्रजी शब्दकोशवाला.) १७८३ च्या जूनमध्ये पहाटे तीनला जाग आली तेव्हा त्याची वाचा गेली होती. डोकं शाबूत आहे का हे बघायला त्याने मनातल्या मनात लॅटिनमध्ये पद्यात प्रार्थना रचली. ओळी काही फार चांगल्या जमल्या नाहीत. पण त्या चांगल्या नाहीत हे आपल्याला कळतंय, म्हणजे बुद्धी ठीक आहे, असं त्याने ठरवलं! डॉक्टरांनी काय केलं, तर पाठीवर आणि गळ्यावर फोड आणणारी औषधं लावली. त्याची वाचा परत आली, पण ती फोडांमुळे नव्हे.

लुई पाश्चरला १८६८ च्या ऑक्टोबरात झटका आला तेव्हा तो ४५ वर्षांचा होता. डावी बाजू गेली. कानामागे जळवा लावल्या. तो आता जगत नाही असं धरून त्याच्या नव्या प्रयोगशाळेचं बांधकामसुद्धा थांबवलं होतं म्हणतात. आणि या गृहस्थाने आठवड्याभरात, अंथरुणातूनच, रेशमाच्या किड्यांच्या रोगावरचं टिपण शिष्याकडून लिहून घेतलं. डावा हात जन्मभर अधू राहिला, पाय ओढत चालायचा. रेबीजची लस त्यानंतरची, १८८५ ची.

माझ्या आजोबांचीही डावीच बाजू गेली. १९७४ चा पावसाळा. मी आठ वर्षांचा. तालुक्याचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले, रक्तदाब बघितला आणि म्हणाले, "पूर्ण विश्रांती. अजिबात उठू द्यायचं नाही." कुणीतरी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं, तेही झालं. माझ्याकडे पहाऱ्याचं काम आलं. आजोबांची वाचा शाबूत होती. दुपारी घर सामसूम झालं की ते हळूच म्हणायचे, "बाळ्या, जरा हात दे रे." आणि मी इमानदारीने ओरडायचो, "आजी, आजोबा उठतायत!"

पुढे तीन वर्षं ते माजघरातल्या खाटेवरच होते. हात कोपरात आखडला, मूठ मिटली ती मिटलीच, पाठीला जखमा झाल्या.

त्या डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही. गुठळी आहे की रक्तस्राव, हे जिवंत माणसाच्या डोक्यात बघायची सोयच तोवर नव्हती. गॉडफ्रे हाउन्सफिल्डच्या सीटी स्कॅन यंत्रात पहिला रोगी गेला तो ऑक्टोबर १९७१ मध्ये, लंडनजवळ विंबल्डनला. आमच्या तालुक्याला ते यायला बराच अवकाश होता. रक्तस्राव असेल तर हलवलं की वाढेल, ही भीती अगदीच खुळी म्हणता येत नाही.

स्कॅन आलं तरी गुठळीवर इलाज नव्हता. तो १९९५ च्या डिसेंबरात छापून आला. अमेरिकेत ६२४ रोग्यांवर प्रयोग झाला होता. झटक्यापासून तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून दिलं, तर तीन महिन्यांनी जवळजवळ धडधाकट असण्याची शक्यता निदान ३० टक्क्यांनी वाढत होती. मात्र मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही सुमारे शंभरात सहा. म्हणून आधी स्कॅन, मग सुई. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली. २०१५ पासून मोठी गुठळी जांघेतून नळी घालून ओढून काढणं रुळलं, आणि निवडक रोग्यांत ते २४ तासांपर्यंत करता येतं. तरीही घाई हवीच. मोठी वाहिनी बंद असेल तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब २००६ साली मांडला गेला. आपल्याकडे अजून 'जरा पडा, बरं वाटेल' यात तासभर सहज जातो.

पण मला जास्त लागली ती दुसरीच गोष्ट. डॉ. नॉर्मन डॉइज यांच्या २००७ च्या पुस्तकात पेद्रो बाख-इ-रिता या न्यूयॉर्कमधल्या प्राध्यापकांची हकीकत आहे. १९५९ मध्ये त्यांना झटका आला. अर्धं अंग लुळं, बोलणं बंद. नेहमीच्या उपचारांनी काही होईना. मुलगा जॉर्ज वैद्यकीय विद्यार्थी होता, त्याला या बाबतीत काही ठाऊक नव्हतं. त्याने बापाला तान्ह्या पोरासारखं आधी रांगायला लावलं. प्राध्यापकाला अंगणात रांगवतो म्हणून शेजारीपाजारी नाराज. जमिनीवर गोट्या टाकून लुळ्या हाताने पकडायला लावल्या, भांडी घासायला लावली. वर्षभरात ते पुन्हा शिकवायला लागले. काही वर्षांनी कोलंबियात डोंगर चढताना हृदयविकाराने गेले. तपासलं तेव्हा मेंदूकडून मणक्याकडे जाणारे बहुतेक तंतू नष्ट झालेले होते, कधी दुरुस्त झालेच नव्हते. उरलेल्या मेंदूने काम वाटून घेतलं होतं!

गोट्या... आमच्या घरात कोपऱ्यात शेंगांची पोती असायची. आजी आणि आम्ही पोरं रोज शेंगा फोडायचो, आजोबांच्या खाटेशेजारीच बसून.

आता लगेच 'म्हणजे रोग्याला पहिल्याच दिवशी उभं करा' असं कुणी समजू नका. २०१५ मध्ये पाच देशांतल्या २१०४ रोग्यांवर तेच करून बघितलं. पहिल्या २४ तासांत वारंवार उठवलेल्यांपैकी तीन महिन्यांनी ४६ टक्के बऱ्या स्थितीत होते, आणि नेहमीच्या शुश्रूषेतले ५० टक्के. म्हणजे अगदी सुरुवातीला डॉक्टर थोडे बरोबरच होते. फक्त 'उठू नका' याला त्यांनी शेवटची तारीख दिली नाही, आणि आम्हीही कुणी विचारली नाही.

एकदा मात्र मी ओरडलो नाही. दिवाळीनंतरची दुपार होती. मी त्यांच्या उजव्या हाताला धरून ओढलं, माझं बळ ते किती! पण ते बसले. दोन्ही पाय सारवलेल्या जमिनीला टेकले. दारातून अंगणातली कडब्याची गंजी दिसत होती, तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग ओसरीवर आजीच्या बांगड्या वाजल्या, आणि ते आपणहून आडवे झाले.