‘भंगुर’विषयी तळटीप

भंगुर : हा शब्द इथे पडून फुटणाऱ्या वस्तूसाठी नाही, त्या अर्थी या पुस्तकात ‘ठिसूळ’ योजला आहे. ऑस्टिन एंजेल यांनी रूढ केलेली ही भंगुरता काचेची नव्हे, ती ज्या द्रवापासून बनते त्याची. सिलिकाचा रस तापमान उतरेल तसा जवळजवळ एकाच चालीने दाटत जातो, तो ‘बळकट’. भंगुर द्रव बराच काळ पातळच राहतो आणि काच-संक्रमण तापमानाजवळ एकाएकी घट्ट होतो. (या तापमानाला ‘काचबिंदू’ म्हणायचा मोह आवरला, तो डोळ्यांचा आजार.)

१९६० साली कॅलटेकमध्ये पोल ड्यूवेझ आणि सहकाऱ्यांनी सोने-सिलिकॉनची धातुकाच केली, तेव्हा रस सेकंदाला सुमारे दहा लाख अंशांच्या वेगाने गारठवावा लागला होता. १९९३मध्ये जाहीर झालेल्या व्हिट्रेलॉय-१ला सेकंदाला एखादा अंश पुरतो. झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबे, निकेल आणि बेरिलियमचा हा रस मुळातच दाट, बळकटीकडे झुकलेला. अणूंना स्फटिकाची रांग धरणे जड जाते. त्याचे काच-संक्रमण सुमारे ३५० अंश सेल्सिअसला होते. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या वेगाने आणखी ऐंशीएक अंश तापवले, की काचपण सुटून स्फटिक धरू लागतात.
— संपा.