हिशेब न जुळणारा राजवाडा

पालेर्मोतल्या झिसा राजवाड्यात कारंज्याच्या दालनाकडे जाताना आधी मान वर करायची आणि कमानीवर रंगवलेल्या आकृत्या मोजायच्या. मूळ इमारतीनंतर बऱ्याच काळाने काढलेल्या या चित्रांना तिथले लोक ‘झिसाचे सैतान’ म्हणतात. त्यांची मोजदाद कधीच जुळत नाही, असा समज आहे. मी दोनदा मोजले आणि दोन वेगळी उत्तरं आली. ऑफिसात असं झालं असतं तर बग नोंदवला असता. इथे तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

प्रोजेक्टसाठी मिलानला गेलो होतो. जोडून सुट्टी आली, स्वस्तात विमान मिळालं आणि सिसिली गाठली. मॅपवर ‘इस्लामी कलेचं संग्रहालय’ दिसलं, तेव्हा वाटलं की एखाद्या अमीराचा महाल असणार. पण हा राजवाडा बांधायला घेतला तो पहिल्या विल्यम या ख्रिश्चन नॉर्मन राजाने, साधारण ११६५ मध्ये. पूर्ण केला त्याच्या मुलाने, दुसऱ्या विल्यमने.

झिसा हे नाव अरबी ‘अल-अझीझ’वरून आलं. म्हणजे आपल्या ओळखीचं ‘अजीज’! भोवतीच्या शाही बागेचं नाव होतं जेनोआर्द, म्हणजे ‘जन्नत-अल-अर्द’, पृथ्वीवरचा स्वर्ग. नॉर्मन राजांचं महसुलाचं खातंही ‘दीवान’च होतं. ‘दिवाण’ आणि ‘तारीख’ हे शब्द मराठीत मुरले, तसेच तेही एकेकाळी तिथे मुरले होते.

इमारत म्हणजे बिनविजेचा एसी. तोंड ईशान्येला, समुद्राकडे. भिंती जाडजूड. तळमजल्याच्या दालनात भिंतीतून पाणी निघतं, नक्षीदार उतरत्या संगमरवरी फरशीवरून घरंगळतं, जमिनीतल्या पन्हळीतून छोट्या चौकोनी कुंडांत जातं. पूर्वी ते पुढे बाहेरच्या मोठ्या तलावात पडायचं. समुद्रावरचा वारा आधी तलावावरून यायचा, मग तीन उंच कमानींतून आत शिरून कारंज्यापाशी गार व्हायचा. तापलेली हवा वरच्या झरोक्यांतून निघून जायची. वर छताला मधाच्या पोळ्यासारखं मुकर्नास आणि भिंतीवर मोर व धनुर्धाऱ्यांचं मोझेक.

हे ज्ञान नॉर्मनांनी सोबत आणलेलं नव्हतं. ८३१ मध्ये पालेर्मो अरबांच्या सैन्याने घेतलं आणि १०७२ मध्ये नॉर्मनांनी. म्हणजे मधली २४१ वर्षं तिथे मुस्लिम राज्य होतं. नव्या राजांनी जुनी माणसं कामावर ठेवली. आतल्या अरबी शिलालेखात दुसऱ्या विल्यमला ‘मुस्तइझ्झ’ हा अरबी किताबच लावलाय.

संग्रहालयात ममलूक काळातली पितळी भांडी आहेत, लाकडी जाळीच्या मश्रबिया आहेत. पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो तो एका थडग्याच्या दगडासमोर. ११४९ चा हा दगड ग्रिसांतो नावाच्या पाद्र्याने आपल्या आईसाठी, आन्नासाठी कोरून घेतला. मजकूर चार लिप्यांत: लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू लिपीत लिहिलेली अरबी. गंमत म्हणजे प्रत्येक मजकुरात कालगणना त्या त्या समाजाची. मी आयुष्यातली दोन वर्षं ॲपमधले तारखांचे फॉरमॅट दुरुस्त करण्यात घालवली आहेत. ज्याने हा दगड करून घेतला, त्याला आपला ‘युजर’ कोण आहे ते पक्कं ठाऊक होतं.

तिथेच दगडाचा फोटो काढून मी स्टेटस टाकलं, ‘सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते!’

हॉटेलवर येऊन वाचत बसलो आणि हा हिशेबही जुळेना. ११६१ च्या बंडात पालेर्मोत मुस्लिमांची कत्तल झाली होती, म्हणजे झिसाचा पाया घालण्याआधी जेमतेम चार वर्षं. ११८४ च्या सुमारास हजहून परतताना इब्न जुबैर हा अंदलुसी प्रवासी सिसिलीत आला. विल्यमला अरबी लिहितावाचता येतं, हे त्याने कौतुकाने नोंदवलं. राजवाड्यातले नोकर आपला धर्म लपवून ठेवतात, हेही त्यानेच लिहिलं. पुढे १२२० च्या दशकापासून फ्रेडरिक दुसरा याने बंडखोर मुस्लिमांना हजारोंच्या संख्येने इटलीच्या मुख्य भूमीवर, लुचेराला हलवलं. १३०० मध्ये लुचेराची वसाहतही मोडली गेली आणि तिथल्या कित्येकांना गुलाम म्हणून विकण्यात आलं.

राजाला मुकर्नास हवं होतं, कारंजं हवं होतं, दिवाणातले कारकून हवे होते. ती माणसं शेजारी म्हणून हवी होती का, हा वेगळा प्रश्न. कला आवडणं आणि कलाकाराला जागा देणं यात मी गल्लत केली होती.

दुसऱ्या दिवशी विमानाआधी पुन्हा झिसाला गेलो, या वेळी फक्त बाहेरून बघायला. माथ्यावर एक अरबी शिलालेख सलग पट्टीत कोरलेला होता. नंतरच्या काळात किल्ल्यासारखे कंगोरे काढायला ती पट्टीच मधेमधे कापली. अक्षरांचे तुकडे अजून तिथे आहेत. १९७१ मध्ये या वाड्याचा एक भागही कोसळला होता. तो दुरुस्त करून १९९१ मध्ये संग्रहालय उघडलं. पडलेली भिंत पुन्हा उभी करता आली, पण कापलेलं वाक्य तसंच राहिलं.

स्टेटस मी डिलीट केलं. फोटो परत टाकला, पण खाली आन्नाचं नाव आणि ११४९ एवढंच लिहिलं.