मतदार चिडला की घरी बसतो का? सातारा-सांगलीचे निकाल काय सांगतात?

‘कुणालाही मत द्या, सगळे एकाच माळेचे मणी.’ निकालानंतर पारावर आणि व्हॉट्सअॅपवर हे वाक्य ठरलेलं. पण असं म्हणणारे पुढच्या वेळी मतदान सोडतात का?

साताऱ्याचं बघा. 2019 च्या लोकसभेला उदयनराजे भोसले राष्ट्रवादीकडून सव्वा लाखाच्या फरकाने निवडून आले. सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन ते भाजपमध्ये गेले. म्हणजे चार महिन्यांत मत एकीकडे, खासदार दुसरीकडे. पोटनिवडणूक विधानसभेसोबतच 21 ऑक्टोबरला लागली. तीन दिवस आधी शरद पवारांची ती भर पावसातली सभा झाली. पाऊस सगळ्यांना आठवतो, पण उमेदवार निवडताना आपली चूक झाली, ही कबुलीही पवारांनी तिथेच दिली होती. एप्रिलमध्ये 60 टक्क्यांच्या आसपास असलेलं मतदान 67 च्या घरात गेलं आणि श्रीनिवास पाटील 87 हजारांहून जास्त मतांनी जिंकले. अर्थात, सगळी वाढ रागाची म्हणता येत नाही. त्याच दिवशी आमदारकीचंही मतदान होतं आणि आमदारकीला गावोगावी जोर जास्त लागतो.

सांगलीत राग पक्षांच्या जागावाटपावर होता. 2024 मध्ये महाविकास आघाडीत ही जागा ठाकरेंच्या शिवसेनेला गेली आणि डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील उमेदवार झाले. वसंतदादांच्या जिल्ह्यात काँग्रेसचं चिन्हच नाही, हे कार्यकर्त्यांच्या पचनी पडलं नाही. वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि भाजपच्या संजयकाका पाटलांना 1 लाख 53 मतांनी हरवून आले. चंद्रहार यांना जेमतेम 60 हजार मतं मिळाली.

दोन्हीकडे चिडलेल्यांसमोर एक ठोस नाव होतं, हे महत्त्वाचं. तरी सांगलीत एकूण मतदान 2019 च्या 65 वरून 62 टक्क्यांवर आलं. काही जण घरी बसलेच.

आणि राग कायमचा नसतो. 2024 मध्ये उदयनराजे भाजपकडून 32 हजार 771 मतांनी परत निवडून आले. ‘तुतारी फुंकणारा माणूस’ हे चिन्ह हरलं, तेव्हा ‘पिपाणी’वाल्या अपक्षाला 37 हजारांवर मतं पडली होती. ती रागाची होती की गोंधळाची, यावर वाद होतच राहील. नोव्हेंबरच्या विधानसभेला मात्र सातारा जिल्ह्यातल्या आठही जागा महायुतीकडे गेल्या.