पडद्यांची भाऊबंदकी

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात आडत्याच्या टेबलावर दोन पडदे शेजारीशेजारी दिसतात. एक कॅल्क्युलेटरचा, करड्या आकड्यांचा. वीस किलोच्या क्रेटचा हिशेब त्याच्यावर. दुसरा मोबाइलचा, झगमगीत. पहिला एलसीडी, म्हणजे द्रवस्फटिकाचा. दुसरा, फोन जरा महागातला असेल तर, ओएलईडी. वीज मिळताच स्वतःच उजळणाऱ्या कार्बनी रेणूंचा. जाहिरातवाल्यांनी या दोघांना वैरी ठरवून टाकलंय. कूळ तपासलं तर निघतात भाऊबंद.

थोरल्या पातीची सुरुवात गाजरापासून. गाजरातल्या कोलेस्टेरॉलवर काम करणारा प्रागचा वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिश रायनित्झर १८८८ साली चक्रावला. कोलेस्टेरॉलपासून बनवलेला त्याचा पदार्थ १४५.५ अंशांना वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशांना एकदम नितळ. एकाच पदार्थाला दोन द्रवणांक! त्याने नमुना ओटो लेमान या भौतिकशास्त्रज्ञाकडे पाठवला. सूक्ष्मदर्शकाखाली लेमानला दिसलं की गढूळ अवस्थेत पदार्थ वाहतो द्रवासारखा, पण प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा.

पुढची कित्येक दशकं हा प्रयोगशाळेतला चमत्कारच राहिला.

मग येतो वोल्फगांग हेल्फ्रिश, आणि कथेला खरी गंमत इथे येते. १९६५ मध्ये कॅनडातल्या ओटावात त्याने आणि डब्ल्यू. जी. श्नायडर यांनी अँथ्रासीन या कार्बनी पदार्थाच्या स्फटिकात वीज सोडून प्रकाश मिळवला. ही ओएलईडीची पाती. पाच वर्षांनी तोच माणूस स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाट यांच्याबरोबर पीळ दिलेल्या द्रवस्फटिकाचं पेटंट घेत होता. कॅल्क्युलेटरचे आकडे त्याच पिळाचे. खात्री करायची तर पोलराइज्ड गॉगल कॅल्क्युलेटरसमोर हळूहळू फिरवावा. एका कोनात अख्खा पडदा काळा पडतो. दोन्ही घरांच्या पायाभरणीला एकच माणूस हजर, पण जाहिरातीत याचा उल्लेख सापडायचा नाही.

अँथ्रासीनच्या जाड स्फटिकाला शेकडो व्होल्ट लागत. १९८७ मध्ये कोडॅक कंपनीत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन अतिपातळ थर एकावर एक चढवले आणि काम दहा व्होल्टच्या आत आणलं. त्याआधीच, १९७७ मध्ये, बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर (सी. व्ही. रामन यांचे भाचे), सदाशिव आणि सुरेश यांनी चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले होते. हे रेणू भाकऱ्यांच्या चळतीसारखे रचले जातात आणि चळतीच्या दिशेने वीज चांगली वाहून नेतात. ओएलईडीच्या थरांत असे रेणू वापरून बघितले गेले. दुरावलेली पाती अशी पुन्हा घरात आली.

या भाऊबंदांना एकमेकांची खरी गरज मात्र भर दुपारी कळते. उन्हात पडदा वाचता यावा म्हणून ओएलईडीवर एक गाळणी चिकटवलेली असते. तिच्यातून आत शिरणारा प्रकाश एका बाजूने गरगरत जातो. मागच्या धातूवर आपटला की त्याची फिरण्याची बाजू उलटते, आणि गाळणी त्याला बाहेर पडू देत नाही. किंमत? पडद्याचा स्वतःचाही जवळपास अर्धा प्रकाश तिथेच मरतो, आणि त्याचं बिल बॅटरी भरते. म्हणून संशोधक पीळदार द्रवस्फटिकी रेणूंच्या मागे लागलेत. रेणूनेच योग्य बाजूने फिरणारा प्रकाश सोडला, तर गाळणी त्याला अडवणार नाही. प्रयोगशाळेत असा प्रकाश निघतो; रोजच्या फोनपर्यंत तो अजून पोचलेला नाही.

ही डावी-उजवी भानगड जुन्नर तालुक्याला नवी नाही. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची, आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी बहुतेक पट्ट्यांत अशाच डाव्या आणि उजव्या फिरणीत वेगळ्या करून टिपते. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं. गेलात तर फोटो काढून परतू नका. डावी लाट उजवीपासून कशी वेगळी करता, हे तिथल्या माणसांना जरूर विचारा.