जे सापडले नाही त्याचे काय?

संगणकावरच्या शोधचौकटीत दोन शब्द टाकले की क्षणात शेकडो संदर्भ समोर येतात. त्यांतले उपयोगाचे कोणते आणि निरुपयोगी कोणते, हे आपण चाळून ठरवू शकतो. पण उपयोगाचे असूनही यादीत आलेच नाहीत, असे संदर्भ किती? हे पडद्यावर कधीच दिसत नाही. संदर्भशोधाचा इतिहास पाहिला, तर जाणकार मंडळी याच प्रश्नाशी सतत झगडताना दिसतात. वैद्यकाच्या क्षेत्रात हा झगडा सर्वांत ठळक दिसतो. म्हणून आपण तेथूनच सुरुवात करू.

अमेरिकी लष्करातील डॉक्टर जॉन शॉ बिलिंग्ज यांच्याकडे तेथील सर्जन-जनरलच्या कार्यालयातील ग्रंथालयाचा कारभार होता. देशोदेशींच्या वैद्यकीय नियतकालिकांतील लेखांची विषयवार मासिक सूची त्यांनी १८७९ साली सुरू केली. तिचे नाव 'इंडेक्स मेडिकस'. कोणता लेख कोणत्या विषयाखाली नोंदवायचा, हे सूचीकार ठरवत. पण एकाच रोगाला लेखक वेगवेगळी नावे देतात, तेव्हा काय करायचे? यासाठी १९६० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने विषयशीर्षकांचा एक कोश प्रसिद्ध केला. 'मेश' या नावाने तो ओळखला जातो. लेखकाने 'हार्ट अटॅक' असे लिहिले असले, तरी या कोशानुसार नोंद होते ती 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' या शीर्षकाखाली.

१९६४ साली या ग्रंथालयाची 'मेडलार्स' ही संगणक व्यवस्था कार्यान्वित झाली. डॉक्टरने आपला प्रश्न लिहून पाठवायचा, प्रशिक्षित तज्ज्ञाने तो शीर्षकांच्या भाषेत मांडायचा आणि उत्तराची यादी काही आठवड्यांनी हाती यायची. प्रश्नाची मांडणी 'आणि', 'किंवा', 'नाही' या शब्दांनी होई. जॉर्ज बूल यांनी १८५४ साली ग्रंथरूपाने मांडलेले तर्काचे बीजगणित असे कामी आले.

ही व्यवस्था कितपत यशस्वी होती? एफ. डब्ल्यू. लँकेस्टर यांनी सुमारे ३०० प्रत्यक्ष प्रश्न घेऊन तिची परीक्षा केली. निष्कर्ष १९६८ साली प्रसिद्ध झाले. साठ्यात असलेल्या उपयुक्त लेखांपैकी सरासरी ५८ टक्के सापडत होते आणि सापडलेल्यांपैकी निम्मेच उपयुक्त होते. पहिल्या प्रमाणाला 'रिकॉल' म्हणतात, दुसऱ्याला 'प्रिसिजन'. जाळे बारीक विणीचे घेतले तर मासळी निसटत नाही, पण केरकचराही वर येतो. तसेच येथे होते. एक प्रमाण वाढवू गेले की बहुधा दुसरे घटते.

पुढे संपूर्ण मजकूरच संगणकात साठवता येऊ लागला, तेव्हा सूचीकाराची गरज संपली असे अनेकांना वाटले. १९८५ साली डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरॉन यांनी एका मोठ्या दाव्यातील सुमारे ४०,००० दस्तऐवजांवरील शोधाचा अभ्यास प्रसिद्ध केला. किमान तीनचतुर्थांश उपयुक्त कागद हाती आले आहेत, अशी वकिलांची समजूत होती. प्रत्यक्षात सरासरी २० टक्केच आले होते. याचे कारण भाषेत होते. एका पक्षाने ज्याला 'अपघात' म्हटले, त्याच गोष्टीला दुसऱ्या पक्षाच्या कागदांत 'घटना', 'परिस्थिती' किंवा 'अडचण' असे म्हटले होते. जे हाती आले ते बहुतांश कामाचे होते. म्हणूनच समजूत पक्की झाली.

१९७१ साली 'मेडलाइन'मुळे दूरध्वनीच्या तारांवरून थेट शोध सुरू झाला आणि १९९७ साली 'पबमेड'च्या रूपाने तो सर्वांना विनामूल्य खुला झाला. मात्र त्यालाही एक मर्यादा होती. जून २००१ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याविषयीच्या एका प्रयोगात हेक्झामेथोनियम हे रसायन हुंगल्यानंतर २४ वर्षांची एक निरोगी स्वयंसेविका मरण पावली. प्रयोगापूर्वी पबमेडमध्ये आणि काही ग्रंथांत शोध घेतला गेला होता. परंतु पबमेडमधील नोंदी तेव्हा मुख्यतः १९६६ पासूनच्या होत्या. या रसायनामुळे फुप्फुसांना इजा झाल्याचे लेख १९५० च्या दशकातले होते आणि ते छापील सूचीत होते. दुर्घटनेमागे इतरही त्रुटी होत्या. पण साठा कोठून सुरू होतो हे पाहणे किती महत्त्वाचे, ते यावरून कळते. जुन्या सूचींतील १९४६ पर्यंतच्या नोंदी पुढे टप्प्याटप्प्याने संगणकावर आल्या.

आता हे सारे एका उदाहरणाला लावून पाहू. समजा, 'पाण्यातील फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर पडणारे डाग' हा आपल्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प आहे. वाक्य जसेच्या तसे चौकटीत टाकू नये. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे पैलू पाडण्याची पद्धत दिली. तीच येथे उपयोगी पडते. पैलू तीन: फ्लोराइड, पाणी, दात. प्रत्येक पैलूचे समानार्थी शब्द 'किंवा'ने जोडावेत आणि पैलू एकमेकांना 'आणि'ने. तरीही एक मोठा भाग निसटेल. या डागांचे कारण फ्लोराइड आहे, हे उमगले १९३१ साली. त्यापूर्वी फ्रेडरिक मॅके आदींनी लिहिलेल्या लेखांत तो शब्द कसा असणार? तेथे 'मॉटल्ड इनॅमल' किंवा 'कोलोरॅडो ब्राउन स्टेन' असे शोधावे लागते. ही नावे कळावीत कशी? एक चांगला लेख सापडला की त्याला दिलेली विषयशीर्षके पाहावीत, त्याच्या शेवटची संदर्भसूची चाळावी आणि नवे शब्द घेऊन पुन्हा शोधावे.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवहीत यासाठी एक पान राखून ठेवावे, असे आम्हाला वाटते. कोणता साठा पाहिला, तो कोणत्या वर्षापासूनचा आहे, कोणते शब्द वापरले आणि कोणते नंतर सुचले, हे त्यावर लिहावे. 'याविषयी काहीच माहिती उपलब्ध नाही' असे कोणी म्हटले, तर आधी ते पान पाहावे.