रस्ता खुला आहे काय?

प्रवासाला निघताना रस्ता जागेवर आहे की नाही, हे आपण सहसा विचारीत नाही. गाडी केव्हा सुटते, मुक्काम कोठे पडेल, भाडे किती, एवढे विचारले की झाले. परंतु पृथ्वीच्या पाठीवर एक अफाट मुलूख असा आहे, की तेथे बाहेर पडणाऱ्याच्या तोंडी पहिला प्रश्न हाच असतो : रस्ता खुला आहे काय? ऑस्ट्रेलिया खंडाचा अंतर्भाग, ज्याला तेथील लोक ‘आउटबॅक’ म्हणतात, तो हा मुलूख. या एका प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळवण्यासाठी माणसांनी दीडशेहून अधिक वर्षे काय काय खटपटी केल्या, त्याची हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे.

तुम्ही म्हणाल, तो तर वाळवंटी प्रदेश. तेथे पाऊस कसला आणि पूर कसला? खरे आहे. बर्ड्‌सव्हिल नावाच्या गावी सबंध वर्षाचा पाऊस 200 मिलिमीटरसुद्धा भरत नाही. पण गंमत बघा. या प्रदेशाचा पूर्वेकडचा मोठा भाग म्हणजे एक प्रचंड उथळ परात आहे. आयर सरोवर हा तिचा तळ, समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 15 मीटर खोल. आणि या सरोवराकडे उतरणारे खोरे सबंध ऑस्ट्रेलियाच्या सहाव्या हिश्श्याइतके विस्तीर्ण. उत्तरेला क्वीन्सलंडमध्ये धो धो पाऊस कोसळला, की ते पाणी डायमँटिना, कूपर अशा प्रवाहांतून दक्षिणेकडे निघते. उतार जवळजवळ नाहीच, त्यामुळे पाणी धावत नाही, पसरते. शेकडो फाटे फुटतात. काही मीटरचे कोरडे पात्र बघता बघता काही किलोमीटर रुंद होते, आणि पाऊस पडल्यानंतर कित्येक आठवड्यांनी, डोक्यावर निरभ्र आकाश असताना, रस्ता पाण्याखाली जातो.

या कूपरचे नावसुद्धा मोठे मजेचे आहे. थॉमसन आणि बार्कू या दोन नद्यांचा संगम होतो, आणि संगमानंतर जे पुढे वाहते त्याला म्हणतात कूपर क्रीक, म्हणजे ओढा! दोन नद्या मिळून एक ओढा. वर्षानुवर्षे कोरड्या पडणाऱ्या प्रवाहाला नदी म्हणावयास पहिल्या गोऱ्या प्रवाशांचे मन धजले नसेल. पण या सगळ्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आपल्या समोरचा रस्ता कसा आहे हे या मुलखात स्वतःच्या डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी वरच्या अंगाला, चारपाचशे किलोमीटर पलीकडे बसलेल्या माणसाचा निरोप लागतो. निरोप नसला तर काय होते, याचा पहिला मोठा धडा 1861 साली मिळाला.

रॉबर्ट बर्क आणि विल्यम विल्स यांची मोहीम ऑगस्ट 1860 मध्ये मेलबर्नहून निघाली. खंड दक्षिणोत्तर ओलांडावयाचे होते. त्यासाठी हिंदुस्थानातून कराचीमार्गे उंट आणले होते आणि त्यांच्याबरोबर उंटवालेही. सुरुवातीलाच पावसाने वाटा चिखलमय झाल्या. पुढे कूपरच्या काठी तळ पडला. तेथे काही माणसे ठेवून बर्क, विल्स, किंग आणि ग्रे असे चौघे उत्तरेकडे गेले. फेब्रुवारी 1861 मध्ये ते उत्तर किनाऱ्याजवळ पोचले, तो तिकडचा ऐन पावसाळा. उंटांचे पाय चिखलात रुतू लागले. शेवटी किंग आणि ग्रे यांना उंटांपाशी ठेवून दोघे नायक एक घोडा घेऊन पुढे गेले, आणि समुद्र दृष्टीस पडण्याआधीच माघारी वळले. परतीच्या वाटेवर पुन्हा पाऊस, पुन्हा चिखल. ग्रे वाटेतच मरण पावला. 21 एप्रिल 1861 च्या संध्याकाळी उरलेले तिघे कूपरच्या तळावर आले, तर तळ रिकामा! चार महिन्यांहून अधिक काळ वाट पाहून तेथील मंडळी त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. एका झाडावर ‘खणा’ अशी खूण कोरून त्यांनी खाली शिधा पुरून ठेवला होता.

हा प्रसंग नशिबाची क्रूर थट्टा म्हणून नेहमी सांगितला जातो. मला त्यात निराळेच काही दिसते. दोन्ही बाजूंच्या माणसांनी आपापल्या परीने विचार केला होता. फक्त एकाची खबर दुसऱ्याला नव्हती. पुढे तळावरचा प्रमुख ब्राहे पुन्हा तेथे येऊन पाहून गेला, पण शिधा काढून घेतल्यावर त्या तिघांनी माती पूर्ववत लोटली होती, म्हणून त्याला काही समजले नाही. बर्क आणि विल्स जूनच्या अखेरीस गेले. किंग तेवढा वाचला, तो तेथील मूळ रहिवासी यांड्रुवांधा लोकांनी सांभाळला म्हणून. कूपरचे पाणी केव्हा येते, केव्हा आटते, आणि पाणी आटल्यावर काय खावे, हे त्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. खबर देणारी माणसे जवळ होती. त्यांना विचारण्याची रीत मोहिमेपाशी नव्हती.

यानंतर अकरा वर्षांनी, 22 ऑगस्ट 1872 रोजी, पोर्ट ऑगस्टा ते डार्विन ही सुमारे 3,200 किलोमीटरची तार जोडली गेली. तिचा सूत्रधार चार्ल्स टॉड. या कामालाही पावसाने सोडले नाही. 1870 च्या अखेरीस उत्तरेकडे पावसाळा सुरू झाला, सामानाचे गाडे जागच्या जागी रुतले, काम बंद पडले आणि अखेर ठेकेदाराचा ठेका काढून घ्यावा लागला. पण तार पुरी झाल्यावर चित्र पालटले. टॉड हा तारखात्याचा अधिकारी तसाच हवामानाचा अभ्यासक. वाटेवरच्या ठाण्यांतील तारमास्तर संदेश पुढे पाठवीत, आणि आपल्याकडचे हवापाणीही अ‍ॅडिलेडला कळवीत. उत्तरेत पडलेल्या पावसाची बातमी पाण्याच्या आधी दक्षिणेत पोचू लागली. पाणी ताशी पावलांनी चालते आणि बातमी क्षणात, हा फरक इतिहासात फार मोठा आहे.

मात्र बातमी कळली म्हणून पाणी थांबत नाही. रेल्वे 1884 साली मारी येथे आली, 1891 साली ऊडनाडाटाला आणि 1929 साली अ‍ॅलिस स्प्रिंग्जला. झऱ्यांच्या आश्रयाने सखल भागातून नेलेला हा मार्ग वारंवार वाहून जाई. आगगाडी दिवसेंदिवस मध्येच अडकून पडे. उंटांचे तांडे हाकणाऱ्या अफगाण लोकांवरून या गाडीला ‘घान’ नाव पडले, असे सांगतात. ते ‘अफगाण’ म्हणजे काही सगळेच काबूलचे नव्हेत. बलुचिस्तान, सिंध, पंजाब, सरहद्द प्रांत असे सगळीकडचे. रूळ उखडले तरी उंट चालत असे. शेवटी 1980 साली जुना मार्ग सोडून रूळ पश्चिमेला नेले, तेव्हा कोठे गाडीला स्वास्थ्य लाभले.

आता मारी ते बर्ड्‌सव्हिल या वाटेकडे वळू. ही 517 किलोमीटरची वाट गुरे हाकीत रेल्वेपर्यंत आणण्यासाठी पडली. 1936 पासून टॉम क्रूझ नावाचा टपालवाला या वाटेवर लॉरी चालवू लागला. टपाल, पीठ, औषधे, पिंपे, प्रवासी, सगळे एकाच लॉरीत. वाळूच्या टेकड्यांवर पत्रे अंथरून तो चाके पुढे काढी. 1949 साली कूपरला पूर आला, तेव्हा लॉरीतले सामान ‘टॉम ब्रेनन’ नावाच्या पडावातून पलीकडे न्यावे लागले. तो पडाव पुढे त्याच वाटेवर स्मारक म्हणून जपून ठेवला आहे. क्रूझच्या या फेरीवर 1954 साली ‘द बॅक ऑफ बियाँड’ हा बोलपट निघाला आणि त्याला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. बोलपटात लॉरी दिसते. पण क्रूझ आणखी एक माल वाहत होता, तो म्हणजे बातमी. कोठे पाणी चढले, कोठे वाळू सरकली, कोणत्या उताराला कोणती बाजू धरावी, हे घरोघर सांगत तो पुढे जाई.

आणि मग आली नभोवाणी! जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या प्रयत्नाने 1928 साली क्लोनकरीहून विमानातून वैद्यकीय सेवा सुरू झाली. पण डॉक्टरला बोलवायचे कसे? आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञाने 1929 साली पायाने चालवायचे बिनतारी यंत्र बसवून दाखविले. शिवणयंत्र चालवावे तसे पाय मारायचे, त्यातून वीज निर्माण होई आणि संदेश जाई. वीज नाही, बॅटरीची सोय नाही, अशा एकाकी घरातली गृहिणी आता शेकडो किलोमीटर दूर बोलू शकली. पाऊस पडला की वैमानिक विचारी : “धावपट्टी कशी आहे? चाक रुततं का?” तिने खात्री करून उत्तर द्यायचे. त्या उत्तरावर रोग्याचा जीव आणि वैमानिकाचाही जीव. ठरलेल्या वेळी सगळ्या घरांनी आपसांत गप्पा माराव्यात अशीही प्रथा पडली. कलकलाट करणाऱ्या गलाह पोपटांवरून तिला लोकांनी थट्टेने नाव दिले. पण त्या कलकलाटात कोणत्या ओढ्याला पाणी आले, हे सर्वांना समजत असे. थट्टा करणारेही कान देऊन ऐकत असणार!

आता उपग्रह आहेत, नद्यांवर मोजमापाची यंत्रे आहेत, सरकारी खात्यांचे रस्त्यांचे अहवाल घरबसल्या वाचता येतात. रस्ता जेथे सुरू होतो तेथे फलकही असतो : अमुक रस्ता खुला, तमुक बंद, अमुक फक्त चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांना. बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड होतो. हा दंड कशासाठी, असे नवख्याला वाटते. आपल्याकडे वळवाचा पाऊस पडल्यावर काळ्या रानातून गाडी काढून बघा. चाकोऱ्या पडतात, आणि उन्हाने वाळल्या की दगडासारख्या होतात. तेथेही तसेच. एका उतावळ्याने ओला रस्ता फाडला, तर पाणी ओसरल्यावरही मागच्या शंभरांची वाट अडते. शिवाय तो रुतला, तर त्याला काढायला दुसऱ्या कोणी तरी जीव धोक्यात घालायचा.

इतके सारे असूनही निसर्गाने हात दाखवायचे थांबविलेले नाही. जानेवारी 2022 मध्ये स्टुअर्ट महामार्ग पाण्याखाली गेला आणि कूबर पेडी गावाला हवाई दलाच्या विमानाने अन्न पोचवावे लागले. जानेवारी 2023 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात फिट्झरॉय क्रॉसिंगचा पूल पुराने मोडला आणि मालवाहू गाड्यांना दूरदूरचे वळसे पडले; नवा पूल डिसेंबर 2023 मध्ये खुला झाला. मार्च 2025 मध्ये पश्चिम क्वीन्सलंडमधील कित्येक ठिकाणी पुराने 1974 चा प्रसिद्ध उच्चांकही मागे टाकला. ते पाणी मग सावकाश, आठवड्यांमागून आठवडे, आयर सरोवराकडे सरकत गेले.

वाचकहो, यंत्रे सुधारली, तरी अहवालाच्या मुळाशी आजही एक माणूस आहे. उपग्रहाला पाणी दिसते. वरची माती वाळली पण खाली अजून लोणी आहे, हे त्याला समजत नाही. ते त्या वाटेवर जाऊन, खाली उतरून, टाच दाबून पाहणाऱ्यालाच समजते. म्हणून जाणता प्रवासी फलक वाचतो, आणि वाटेवरच्या खाणावळीत चौकशीही करतो. तेथे तो एकच प्रश्न विचारून थांबत नाही. रस्ता खुला आहे काय, या प्रश्नामागोमाग तो दुसरा विचारतो : शेवटचे कोण जाऊन आले, आणि केव्हा?