आरोग्य कर्मचाऱ्यांना ड्युटीच्या वेळेत सवलत : संघटनेचा प्रतिनिधी नेमकं काय करू शकतो?

संगमेश्वर : उपकेंद्राला कुलूप दिसलं की गावात पहिला प्रश्न येतो, "नर्सबाई कुठे गेल्या?" बाई कधी दुसऱ्या वाडीत लसीकरणाला असतात, कधी देवरुखला मीटिंगला. आणि कधी घरी मूल तापलंय म्हणून साहेबांना तोंडी विचारून लवकर निघालेल्या असतात. "जा तुम्ही, मी बघतो" असं साहेब म्हणतात, आणि ते मनापासूनच म्हणतात. पण त्याच दिवशी पेशंट आला, तक्रार झाली, तर कागदावर फक्त एवढंच उरतं की बाई गैरहजर होत्या. संघटनेच्या प्रतिनिधीचं पहिलं काम इथेच आहे. तोंडी सवलत कागदावर आणणं.

पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना मिळाला, तेव्हा सरकारी दवाखाने त्यातून वगळले गेले. अत्यावश्यक सेवा असल्यामुळे ते समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे नर्स, लॅब टेक्निशियन, वाहनचालक यांना "वेळ बदलून द्या" म्हणायला सरळ नियम सापडत नाही. जे मिळवायचं ते रजेच्या नियमातून किंवा ड्युटी यादीतून.

रजेत सगळ्यात उपयोगाची आहे बालसंगोपन रजा. 23 जुलै 2018 च्या शासन निर्णयाने ती लागू झाली. महिला कर्मचाऱ्यांना मूल 18 वर्षांचं होईपर्यंत, संपूर्ण सेवेत मिळून 180 दिवस. पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तर पुरुष कर्मचाऱ्यांनाही मिळते. ती एकदम घ्यायची गरज नाही, तुकड्यांनी घेता येते. दहावीची परीक्षा, मुलाचं ऑपरेशन, अशा वेळी हीच कामाला येते. मात्र ही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, मंजूर करून घ्यावी लागते. म्हणून अर्ज लवकर द्यावा आणि आपल्या जागी कोण काम पाहील तेही त्यात लिहावं.

अर्ज कुणाकडे, यात बरेच जण चुकतात. साखरपा, माखजनसारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे आणि उपकेंद्रांचे कर्मचारी जिल्हा परिषदेचे. त्यांचा कागद वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तालुका आरोग्य अधिकारी आणि पुढे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जातो. ग्रामीण रुग्णालयाचे कर्मचारी राज्य शासनाचे. त्यांचा कागद वैद्यकीय अधीक्षकांमार्फत जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, त्याच्यावर कोल्हापूरचं उपसंचालक कार्यालय. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज महिनोन्महिने फिरतो. ग्रामीण रुग्णालयवाल्यांना आणखी एक आधार आहे. 2005 चा कायदा, ज्याला आपण 'दफ्तर दिरंगाई कायदा' म्हणतो, त्याप्रमाणे साधारणपणे कुठलीही फाईल एका टेबलावर कामाचे सात दिवस ओलांडून पडून राहू नये. अनुभवी प्रतिनिधी स्मरणपत्रात हे वाक्य टाकतातच.

आता ड्युटी यादी. इथे नियमापेक्षा हिशेब चालतो. शेवटची एसटी चुकली की दुसरी पाळी करणारी बाई घरी कशी जाणार? पावसाळ्यात रस्ता बंद झाला तर सकाळी कोण पोचणार? एकटी बाई हे साहेबांना सांगायला गेली की ते रडगाणं वाटतं. प्रतिनिधी जातो तेव्हा तो सोबत उपाय नेतो. म्हणजे अदलाबदलीला तयार असलेल्या सहकाऱ्याची सही, महिन्याच्या रात्रपाळ्यांची मोजणी, आणि "तीन महिने करून बघू, नाही जमलं तर पूर्वीसारखं" असा प्रस्ताव. साहेबांची खरी अडचण एकच असते, खुर्ची रिकामी राहू नये. ती सुटली तर नकार द्यायला कारण उरत नाही. तरीही नकार आला तर तो लेखी मागायचा, कारणासकट.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. एकाला सवलत मिळाली की तिचा भार दुसऱ्यावर पडतो. दोन नर्सच्या जागी एकच असेल तर कसली अदलाबदल? अशा ठिकाणी प्रतिनिधीने एकेकाचा अर्ज घेऊन फिरण्यापेक्षा रिक्त पदांचा आकडा माहिती अधिकारात मागावा. उत्तर द्यायची मुदत 30 दिवस आहे. तो आकडा हातात असला की चर्चा व्यक्तीवरून पदांवर येते.

कंत्राटी कर्मचाऱ्यांना भीती असते की रजा मागितली तर कंत्राट वाढणार नाही. प्रसूती रजेपुरतं तरी त्यांना ठोस उत्तर आहे. दिल्लीतल्या सरकारी रुग्णालयातील एका कंत्राटी महिला डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये सांगितलं की कंत्राटाची मुदत संपली तरी प्रसूतीचे लाभ मध्येच तोडता येत नाहीत. प्रसूती लाभाच्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, जी फार कमी जणींना माहीत असते. कामावर परतल्यावर मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा दूध पाजायला वेगळी सुट्टी. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी हॉस्पिटललाही हा कायदा लागू होतो.

आशा ताईंची गोष्ट वेगळीच. 2005 च्या योजनेत लिहिलं होतं की त्या स्वयंसेविका आहेत आणि त्यांच्या रोजच्या पोटापाण्याच्या कामात अडथळा येणार नाही असंच काम द्यायचं. कागदावर यापेक्षा सोयीची वेळ दुसरी नाही! प्रत्यक्षात सर्व्हे, ऑनलाइन नोंदी आणि मध्यरात्रीचं बाळंतपण. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या राज्यभर संपावर गेल्या, त्यानंतर सरकारने मोबदल्यात महिना 5,000 रुपये वाढ दिली. पैशाचा प्रश्न संघटनेने पुढे नेला, वेळेचा अजून तिथेच आहे. भातलावणीच्या दिवसांत सर्व्हेच्या तारखा थोड्या पुढे-मागे करा, एवढी साधी मागणी गटप्रवर्तकांमार्फत तालुक्याला लेखी देता येते.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेत संघटनांनी वाटाघाटी करून सप्टेंबर 2021 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अशी सवलत मागण्याचा हक्क करारात घालून घेतला. तिथेही हक्क मागण्याचाच आहे, मिळेलच असा नाही. म्हणून तिकडेही प्रतिनिधी सोबत लागतोच.

तुम्ही स्वतः किंवा घरातलं कुणी आरोग्य सेवेत असाल तर अर्जाच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. प्रतिनिधीला दाखवायची ती दुसरी प्रत.